सर्दीवर क जीवनसत्त्व : रोज घ्यायचं, शिंक आल्यावर घ्यायचं, की घ्यायचंच नाही?

पाचवा_मजला (प्रश्न)

थंडी सुरू झाली की आमच्याकडे क जीवनसत्त्वाच्या चघळायच्या गोळ्यांची पाकिटं येतात. मेडिकलवाला म्हणतो, पहिली शिंक आली की ५०० मिग्रॅची एक सकाळी, एक रात्री. व्यायामशाळेतले लोक म्हणतात, रोज १००० घ्या, सर्दी फिरकणारच नाही. कुणी म्हणतं, आवळा खा, गोळ्या सोडा. तिघांपैकी कुणाचं ऐकायचं?

घरात माणसं अशी : मुलगा ६ वर्षांचा, मुलगी ११ ची, नवरा जानेवारीत मुंबई मॅरेथॉनची पूर्ण ४२ किमी धावणार आहे, आणि सासूबाई ७१ वर्षांच्या, मधुमेह आहे. कोणाला किती द्यायचं, की द्यायचंच नाही, हे आकड्यांसह सांगितलंत तर बरं होईल. 'प्रतिकारशक्ती वाढते' एवढं उत्तर नको, ते पाकिटावर छापलेलं आहेच.

आकडेमोड

तुमच्या एका प्रश्नात तीन प्रश्न आहेत. रोज घेतल्याने सर्दी होणं टळतं का? रोज घेत असताना झालीच, तर लवकर बरी होते का? आणि झाल्यावर सुरू केली तर उपयोग होतो का? तिन्हींची उत्तरं वेगळी आहेत आणि सगळा गोंधळ ती एकत्र केल्याने होतो.

कॉक्रेन ही वैद्यकीय चाचण्यांचे निकाल एकत्र करून तपासणारी आंतरराष्ट्रीय संस्था. तिच्या २०१३ च्या पुनरावलोकनात रोज किमान २०० मिग्रॅ देऊन केलेल्या चाचण्या एकत्र केल्या होत्या. २९ तुलना, ११ हजारांहून जास्त माणसं. सर्वसामान्य लोकांमध्ये सर्दी होण्याचं प्रमाण जवळजवळ तेवढंच राहिलं : खोटी, म्हणजे औषध नसलेली गोळी घेणाऱ्यांना जिथे १०० वेळा सर्दी झाली, तिथे खरी घेणाऱ्यांना ९७ वेळा. तेवढा फरक योगायोगानेही पडू शकतो. म्हणजे व्यायामशाळेतलं 'फिरकणारच नाही' बाद.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मात्र 'हो, थोडी' असं आहे. आधीपासून रोज घेणाऱ्यांची सर्दी मोठ्यांमध्ये सरासरी ८ टक्के आणि मुलांमध्ये १४ टक्के लवकर आटोपली. आता हे तासांत मोजा. सात दिवसांच्या सर्दीचे ८ टक्के म्हणजे साधारण १३ तास. मोठ्या माणसाला वर्षात दोन-तीन वेळा सर्दी होते. तीन धरल्या तरी वर्षभर रोज गोळी घेऊन वाचले ४० तास, म्हणजे पावणेदोन दिवस कमी शिंका. आपल्याला हा सौदा पटतो का, ते ज्याचं त्याने ठरवावं. मला विचाराल तर नाही.

तिसरा प्रश्न, म्हणजे तुमच्या मेडिकलवाल्याचा सल्ला, सर्वांत लंगडा आहे. लक्षणं दिसल्यावर सुरू करण्याच्या सात तुलना, सव्वातीन हजारांच्या आसपास सर्दीचे प्रसंग, आणि सर्दीचा कालावधी किंवा जोर सातत्याने कमी झालेला दिसला नाही. पहिल्याच दिवशी एकदम ८ ग्रॅम दिलेल्या एका मोठ्या चाचणीत थोडा फायदा दिसला, पण तोही ठामपणे म्हणावा असा नाही. ८ ग्रॅम म्हणजे ५०० च्या सोळा गोळ्या. आणि त्या सात तुलनांमध्ये लहान मुलं एकाही ठिकाणी नव्हती, त्यामुळे मुलाला शिंक आल्यावर गोळी देण्यामागे पुरावा म्हणावा असं काहीच नाही.

जुनीवही

पण मग लायनस पॉलिंगसारखा माणूस इतका चुकला कसा? दोन नोबेल एकट्याने मिळवलेला शास्त्रज्ञ, १९५४ ला रसायनशास्त्राचं आणि १९६२ चं शांततेचं. त्याने १९७० मध्ये सर्दी आणि क जीवनसत्त्वावर अख्खं पुस्तक लिहिलं. आणि इतक्या लोकांना गोळी घेतली की तिसऱ्या दिवशी बरं वाटतंच की.

आकडेमोड

पॉलिंगचा मुख्य आधार होता १९६१ ची स्वित्झर्लंडमधली चाचणी. आल्प्समध्ये बर्फावर स्कीइंगच्या शिबिराला गेलेली २७९ मुलं, रोज १ ग्रॅम, आणि सर्दी बरीच कमी. चाचणी ठीक होती. पण कडाक्याच्या थंडीत दिवसभर घाम गाळणाऱ्या मुलांचा निष्कर्ष त्याने ऑफिसात बसणाऱ्यांना लावला. तिथे तो लागू पडला नाही.

पुस्तकानंतर लगेच टोरांटोत अँडरसन या संशोधकाने ८१८ लोकांवर चाचणी केली, आणि ती केली खरं तर पॉलिंगचं म्हणणं खोडायला. रोज १ ग्रॅम आणि आजारपणाचे पहिले तीन दिवस ४ ग्रॅम. १९७२ ला निकाल आला : सर्दी होण्याच्या संख्येत म्हणण्यासारखा फरक नाही, पण आजारी पडून घरात बसण्याचे दिवस ३० टक्के कमी. म्हणजे पॉलिंग पूर्ण खोटा नव्हता, त्याने फायदा फुगवला होता आणि चुकीच्या ठिकाणी सांगितला होता.

तिसऱ्या दिवशी बरं वाटण्याचं म्हणाल, तर सर्दीचा जोर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीच सर्वांत जास्त असतो आणि मग ती आपोआप उतरते. गोळी नेमकी त्याच वेळी सुरू होते, श्रेय तिला जातं. म्हणून खोटी गोळी घेणारा गट लागतो, आणि तोही नीट लागतो. १९७५ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत तिथल्याच कर्मचाऱ्यांवर चाचणी झाली. खोट्या कॅप्सूलमध्ये लॅक्टोज भरलं होतं, ते गोडसर लागतं. काही बहाद्दरांनी कॅप्सूल फोडून चाखली आणि आपल्याला काय मिळतंय ते ओळखलं. ज्यांना ओळखता आलं नव्हतं त्यांच्यात फायदा दिसेना, असं संशोधकांनी लिहिलं. या विश्लेषणावर पुढे वादही झाला, पण आंबट औषधाला खोटा जोडीदार आंबटच हवा हा धडा सगळ्यांनी घेतला.

औषधगाडा

डोसचं बोलू. मोठी गोळी म्हणजे मोठा परिणाम, हे या जीवनसत्त्वाला लागू होत नाही. ते आतड्यातून शोषलं जातं ते ठरावीक वाहकांमधून. दिवसाला ३० ते १८० मिग्रॅ पोटात गेलं तर ७० ते ९० टक्के शोषलं जातं. एका वेळी १ ग्रॅमच्या वर गेलात की निम्म्याहून कमी. रोज २०० ते ४०० मिग्रॅवर रक्तातली पातळी वर सरकायची थांबते, आणि पांढऱ्या पेशी तर १०० च्या आसपासच भरलेल्या असतात. भरल्या माठात पाणी ओतत राहिलं की वाहून जाणारच. शोषलेलं जास्तीचं लघवीतून जातं, न शोषलेलं आतड्यात पाणी ओढून धरतं. जुलाब, पोटात मुरडा, गॅस याच कारणाने होतात. मोठ्यांसाठी दिवसाची वरची मर्यादा २ ग्रॅम ठरवली आहे ती मुख्यतः यावरून.

गरज किती? भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशीत पुरुषाला रोज ८० मिग्रॅ, स्त्रीला ६५, गरोदर स्त्रीला ८०, अंगावर पाजणाऱ्या आईला ११५. बारा वर्षांखालच्या मुलांना वयानुसार साधारण ३० ते ५५. धूम्रपान करणाऱ्यांना जास्त लागतं, अमेरिकी शिफारस ३५ मिग्रॅ वाढवून सांगते. म्हणजे लिमसी किंवा सेलिनची ५०० ची एक गोळी ही पुरुषाची सहा दिवसांची गरज झाली.

मुलांबद्दल एक अडचण आहे ती पालकांना कुणी सांगत नाही. आकडेमोड यांनी दिलेला १४ टक्क्यांचा आकडा १ ते २ ग्रॅम देणाऱ्या चाचण्यांमध्ये १८ पर्यंत जातो. पण अमेरिकी मर्यादा ४ ते ८ वर्षांसाठी दिवसाला ६५० मिग्रॅ आणि ९ ते १३ साठी १२०० मिग्रॅ आहे. म्हणजे तुमच्या सहा वर्षांच्या मुलाला तो फायदा हवा असेल तर मर्यादा ओलांडावी लागते. त्यापेक्षा नको. शिवाय ही गोळी गोड-आंबट असते, मुलं खाऊसारखी मागून चार-चार खातात. डबा वरच्या फळीवर ठेवा. चघळल्यावर आम्ल दातांवर राहतं, त्यामुळे लगेच पाण्याने चूळ भरायला लावा आणि पुढचा अर्धा तास ब्रश नको, मऊ झालेलं दंतवल्क घासलं जातं.

पाण्यात टाकून फसफसणारी १००० ची गोळी घेणाऱ्यांनी पाकिटाच्या मागचं सोडियम वाचावं. फेस येतो तो सोडियम बायकार्बोनेटमुळे, आणि एका गोळीत सोडियम शेकड्यांनी मिलीग्रॅम असू शकतं. रक्तदाबवाल्याने रोज ती घेणं म्हणजे मीठ कमी करून उपयोग काय?

आता कोणी स्वतःच्या मनाने मोठा डोस घेऊच नये ते : ज्यांना मूतखडा होऊन गेला आहे. क जीवनसत्त्वाचा काही भाग शरीरात ऑक्झलेट होतो, आणि बरेचसे खडे त्याचेच असतात. स्वीडनमधल्या २३ हजारांवर पुरुषांचा सुमारे ११ वर्षं मागोवा घेतला, तेव्हा या गोळ्या घेणाऱ्यांत खड्याचं प्रमाण न घेणाऱ्यांच्या जवळपास दुप्पट होतं. मूत्रपिंड कमकुवत असेल तरी तेच. जी६पीडी या विकराची (एन्झाइमची) कमतरता असेल तर मोठ्या डोसने, विशेषतः शिरेतून दिल्यास, तांबड्या पेशी फुटतात. थॅलेसेमियामुळे वारंवार रक्त चढवावं लागणाऱ्यांच्या अंगात लोह साठलेलं असतं आणि क जीवनसत्त्व लोह आणखी शोषवतं, तिथे डॉक्टरांशिवाय एकही गोळी नको. आणि शौचातलं अदृश्य रक्त तपासायची जुन्या पद्धतीची चाचणी असेल तर आधीचे तीन दिवस २५० मिग्रॅच्या वर घेऊ नका, रक्त असूनही अहवाल 'नाही' येतो.

घाटरस्ता

धावणाऱ्या नवऱ्यापुरतं. वर ज्या २९ तुलना आल्या त्यातल्या पाच अशाच माणसांवरच्या आहेत : मॅरेथॉन धावणारे, स्कीइंग करणारे, आणि कॅनडात गोठवणाऱ्या थंडीत सराव करणारे सैनिक. एकूण ५९८ जण. त्यांच्यात सर्दी निम्मी झाली. दक्षिण आफ्रिकेत सुमारे ९० किमीची कॉम्रेड्स शर्यत असते. तिथे शर्यतीआधी २१ दिवस रोज ६०० मिग्रॅ दिलं. शर्यतीनंतरच्या दोन आठवड्यांत खोटी गोळी घेणाऱ्या ६८ टक्के धावपटूंना घसा-नाकाचा त्रास झाला, खरी घेणाऱ्यांत ३३ टक्के.

पण लगेच पाकिटं आणू नका. इस्रायलमधल्या किशोरवयीन स्पर्धक जलतरणपटूंना रोज १ ग्रॅम दिलं तेव्हा सर्दीची संख्या घटली नाही. म्हणजे 'खेळाडू' म्हणून सरसकट लागू नाही, टोकाची दमछाक असेल तिथे बहुतेक. शिवाय महिनोन्‌महिने रोज १ ग्रॅम घेतल्याने सरावाचे स्नायूंमधले फायदे थोडे मंदावतात असं काही प्रयोगांत दिसलं आहे, कारण सरावाने तयार होणारे ऑक्सिडंट हेच स्नायूंना बदलायला सांगणारे संदेश असतात, आणि क जीवनसत्त्व तेच शमवतं.

मधला मार्ग असा : जूनपासून घेऊ नका. शर्यतीआधीचे तीन आठवडे आणि नंतरचा एक आठवडा, २५० ते ३०० मिग्रॅ दिवसातून दोनदा, जेवणानंतर. ५०० ची गोळी अर्धी केली तरी चालते. मूतखड्याचा इतिहास असेल तर हेही नको. आणि नवीन काहीही शर्यतीच्या दिवशी पहिल्यांदा घ्यायचं नाही, मुरडा आला तर पेडर रोडच्या चढावर हाल होतात.

परसबाग

इथे कुणी बोललं नाही म्हणून. आपल्याकडे उलटा कारभार आहे. थंडीत मुलाने पेरू मागितला तर 'खोकला होईल', संत्रं मागितलं तर 'आंबट आहे, घसा धरेल', आणि मग त्याच मुलाला मेडिकलमधून आंबट गोळी. सर्दी विषाणूंनी होते, एकट्या ऱ्हायनोव्हायरसचेच १६० च्या वर प्रकार आहेत. पेरूत त्यातला एकही नसतो. घसा आधीच सुजलेला असेल तर आंबट झोंबतं, एवढंच खरं.

१०० ग्रॅम पेरूत साधारण २०० मिग्रॅ क जीवनसत्त्व असतं. मध्यम आकाराचा एक पेरू खाल्लात की पुरुषाची दोन दिवसांची गरज भागली, आणि वर औषधगाडा म्हणतात ती रक्त भरून जाण्याची पातळीही जवळ आली. आवळ्यात २५० पासून ६०० पर्यंत आकडे सापडतात, जात आणि मोजायची पद्धत यावर अवलंबून. एक आवळा रोज, कच्चा, मीठ लावून, पुरे. संत्र्यात १०० ग्रॅमला ४०-५०. लिंबाबद्दल मात्र लोकांचा गैरसमज आहे : एका लिंबाचा रस म्हणजे १० ते १५ मिग्रॅ. सकाळचं कोमट लिंबूपाणी पिऊन 'क जीवनसत्त्व झालं' असं होत नाही.

हे जीवनसत्त्व पाण्यात विरघळतं आणि उष्णतेने, हवेने नासतं. त्यामुळे शेवग्याचा पाला कच्चा कितीही भरलेला असला तरी उकळून पाणी फेकलंत की बरंचसं गेलं. पाला कमी पाण्यात, झाकण ठेवून, पाच मिनिटांत उतरवा. लिंबू पोह्यांवर गॅस बंद केल्यावर पिळा. कोशिंबिरीसाठी ढोबळी मिरची कच्चीच चिरा, आणि चिरून तासभर ठेवू नका. मोरावळा चवीला झकास, पण तासभर पाकात शिजलेल्या आवळ्याकडून कच्च्याची अपेक्षा नको. त्यात साखर किती, हे सासूबाईंसाठी वेगळं सांगायला नको.

बालदमा

गोळीवर एवढी चर्चा झाली, सर्दी झाल्यावर करायचं काय ते राहिलं. लहान मुलांना वर्षात सहा-आठ वेळा सर्दी होणं हे प्रतिकारशक्ती कमी असल्याचं लक्षण नाही, शाळेत जात असल्याचं आहे. सात-दहा दिवस चालते, खोकला दोन-तीन आठवडे रेंगाळू शकतो.

नाक चोंदलं तर मिठाचं पाणी. तयार सलाइनचे थेंब मिळतात, घरी करायचे तर २५० मिली उकळून गार केलेल्या पाण्यात अर्ध्या चहाच्या चमच्याहून किंचित कमी मीठ, रोज ताजं. नळाचं न उकळलेलं पाणी नाकात नको, मेंदूत शिरणारा अमीबा दुर्मीळ असला तरी बहुतेक वेळा जीव घेतो. ताप-अंगदुखीला पॅरासिटामॉल, वजनाच्या दर किलोला १५ मिग्रॅ, दोन डोसांत किमान चार ते सहा तास, दिवसात जास्तीत जास्त चार वेळा. २० किलोच्या मुलाला ३०० मिग्रॅ. इथे हमखास घोटाळा होतो : आपल्याकडे ५ मिलीत १२० आणि ५ मिलीत २५० अशा दोन्ही ताकदींची सिरपं मिळतात. ३०० मिग्रॅसाठी २५० च्या बाटलीतून ६ मिली लागतात, १२० च्या बाटलीतून साडेबारा. बाटली बदलली आणि माप तेच ठेवलं की डोस दुप्पट किंवा निम्मा. बाटलीसोबत आलेलं मापच वापरा, स्वयंपाकघरातला चमचा नको.

क्लोरफेनिरामीन आणि फेनिलएफ्रीन एकत्र असलेली सर्दीची सिरपं चार वर्षांखालच्या मुलांना देऊ नयेत, असा इशारा लेबलवर छापायला औषध नियंत्रकांनी डिसेंबर २०२३ मध्ये सांगितलं आहे. मोठ्यांनीही त्या मिश्रणावर फार विसंबू नये : तोंडाने घेतलेलं फेनिलएफ्रीन नाक मोकळं करत नाही, असं अमेरिकेच्या औषध नियामकाच्या सल्लागार समितीने २०२३ मध्ये एकमताने सांगितलं. नाकात टाकायचे झायलोमेटाझोलिनचे थेंब खरंच काम करतात, पण पाच दिवसांच्या वर नको, नंतर थेंबांमुळेच नाक चोंदायला लागतं. वाफेने सर्दी लवकर बरी होत नाही आणि पातेलं उलटून भाजलेली मुलं दर थंडीत दवाखान्यात येतात. एक वर्षावरच्या मुलाला रात्रीच्या खोकल्यासाठी अर्धा ते एक चमचा मध चालतो, वर्षाखालच्याला मुळीच नाही.

श्वास मोजायला शिका. मूल शांत असताना पूर्ण एक मिनिट : दोन महिन्यांखाली ६०, वर्षाखाली ५०, एक ते पाच वर्षांत ४० किंवा त्याहून जास्त भरले, किंवा बरगड्यांखाली खड्डा पडत असेल, तर सर्दी समजून थांबायचं नाही. तीन महिन्यांखालच्या बाळाला ताप, कान दुखणं, तीन दिवसांवर टिकलेला ताप, दहा दिवसांनीही उतार नाही, ही बाकीची कारणं दवाखान्यात जायची.

पाचवा_मजला

खूप स्पष्ट झालं. मुलांच्या गोळ्या बंद, पेरू सुरू. दोनच शंका. कोविडच्या वेळी डॉक्टरांनीच क जीवनसत्त्व आणि झिंक लिहून दिलं होतं, ते कशासाठी? आणि सासूबाईंच्या दंडावर साखर मोजणारा सेन्सर आहे. त्यांनी ५०० ची गोळी घेतली तर चालेल?

औषधगाडा

२०२० मध्ये हाताशी काही नव्हतं आणि ही औषधं निरुपद्रवी वाटत होती, म्हणून लिहिली गेली. २०२१ मध्ये अमेरिकेतल्या चाचणीचा निकाल आला : घरीच उपचार घेणारे २१४ रुग्ण, काहींना ८ ग्रॅम क जीवनसत्त्व, काहींना ५० मिग्रॅ झिंक, काहींना दोन्ही, काहींना नुसते नेहमीचे उपचार. बरं होण्याच्या वेगात फरक पडला नाही, चाचणी मध्येच थांबवली. साध्या सर्दीत झिंक चघळून कालावधी थोडा कमी होऊ शकतो, पण तो पुरावा कच्चा आहे आणि तोंडाची चव जाते, मळमळतं. नाकात मारायचं झिंक कुठे मिळालं तर घेऊ नका, वास येणं कायमचं जाऊ शकतं.

सासूबाईंना गोळी नको. त्वचेखालच्या काही सेन्सरांना क जीवनसत्त्व ग्लुकोजसारखं भासतं आणि आकडा खऱ्यापेक्षा जास्त दिसतो. काही कंपन्यांनी ५०० मिग्रॅची, काहींनी १००० ची मर्यादा माहितीपत्रकात दिली आहे. त्यांच्या सेन्सरचं पत्रक उघडून पाहा. जास्त दिसलेल्या आकड्यावर कुणी इन्सुलिन वाढवलं तर साखर खाली जाईल, तो धोका सर्दीपेक्षा कितीतरी मोठा आहे. आधीच गोळी घेतली असेल आणि आकडा विचित्र वाटत असेल तर इन्सुलिनचा निर्णय बोटातून रक्त काढून पट्टीवर तपासल्याशिवाय घेऊ नका. आणि लघवीच्या पट्टीवर उलट होतं, क जीवनसत्त्वामुळे साखर असूनही दिसत नाही, त्यामुळे त्या पट्टीवर विसंबू नका. अर्धा पेरू त्यांनाही चालेल, साखरेच्या हिशेबात धरून.